पिकअपच्या क्राऊनमध्ये लॉकर की एलएसडी? परवाच्या सल्ल्याला माझं उत्तर

काळीमाती_निफाड
परवा घाटवाट यांनी एका शेतकऱ्याला सल्ला दिला : "टू-व्हील ड्राइव्ह पिकअप रुतत असेल तर मागे लिमिटेड स्लिप टाका, लॉकर हा जीप घेऊन डोंगर चढणाऱ्यांचा शौक आहे." नवख्यांसाठी : क्राऊन म्हणजे मागच्या एक्सलमधला गिअरचा संच, त्यातलं डिफ्रन्शियल वळताना दोन चाकांना वेगवेगळं फिरू देतं. लिमिटेड स्लिप, म्हणजे एलएसडी, हा फरक आपोआप आवरते, तर लॉकर बटण दाबलं की दोन्ही चाकं एकत्र बांधतं. दोन दिवस गप्प बसलो. पण हे वाचून कुणीतरी खरंच पैसे घालेल, म्हणून लिहितोय.

आमचा टोमॅटो ऐन पावसात निघतो आणि पिंपळगावचा लिलाव कुणासाठी थांबत नाही. मागच्या सप्टेंबरात ८० क्रेट भरले, २० किलोचा एक, म्हणजे १६०० किलो माल. बांधावरून वळताना डावं चाक पाटात उतरलं. उजवं चाक चांगल्या मुरमावर होतं, पण ते जागचं हललं नाही. डावं भिंगरीसारखं फिरत राहिलं. साध्या डिफ्रन्शियलचा स्वभावच तो, दोन्ही चाकांना सारखाच जोर. चिखलातलं चाक जेवढ्या जोराला सुटतं, म्हणजे घसरतं, तेवढाच जोर मुरमावरच्या चाकाला. ट्रॅक्टर येईपर्यंत दोन तास गेले आणि माल दुपारच्या भावात गेला.

आता एलएसडी. गिअरवाली असेल तर कमी पकडीच्या चाकाच्या अडीच-तीन पट जोर दुसऱ्याला देते. चिखलात १०० न्यूटन-मीटर मिळत असतील तर तिकडे ३००. छान. पण चाक अधांतरी असेल तर शून्याची तिप्पट शून्यच. प्लेटवालीत स्प्रिंगचा दाब असतो, त्यामुळे थोडंफार मिळतं, पण भरल्या गाडीला चिखलातून काढायला ते पुरत नाही, आणि प्लेटा झिजल्या की तेही गेलं. लॉकरमध्ये दोन्ही एक्सल एक होतात आणि मुरमावरच्या चाकाला जेवढी पकड, तेवढा सगळा जोर वापरता येतो. ट्रॅक्टरला टाचेखाली डिफ लॉकचं पेडल असतं ते शौक म्हणून दिलेलं नाही.

घाटवाट
माझं नाव घेतलंत, तर उत्तरही ऐका. तुमची गाडी वर्षातून किती वेळा रुतते? आठ? दहा? माझी रोज पसरणी घाटातून वाईला उतरते आणि रिकामी वर जाते. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग किती हलका असतो ते तुम्हालाही ठाऊक आहे. पहिल्या पावसात, डांबरावर तेल वर आलेलं असताना, वळणावर आतलं चाक सुटतं. तिथे मी बटण शोधत बसू का? एलएसडी न सांगता काम करते.

माझ्या मावसभावाच्या गाडीला लॉकर होतं. ड्रायव्हरने चिखलातून गाडी काढली, लॉक काढायचं विसरला आणि भरल्या गाडीने डांबरावर यू-टर्न मारला. हाफ शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, तुटला. गाडी तीन दिवस रस्त्याच्या कडेला, माल दुसऱ्या गाडीत. तो खर्च तुमच्या हिशोबात कुठे आहे?

कोकण_जांभा
दोघांनीही एक गोष्ट सोडली. आमच्या आंब्याच्या बागेत रस्ता एका बाजूला कललेला असतो. साध्या डिफ्रन्शियलला एक चाक घसरतं, दुसरं निदान गाडी धरून ठेवतं. लॉक लावलं की दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि अख्खा मागचा भाग उताराकडे सरकतो. मी स्वतः असा जांभ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, टेकलोय. गडगा नसता तर खाली पऱ्ह्यात (ओढ्यात) होतो. म्हणून "लॉकर म्हणजे सुटका" असं सरसकट लिहू नका, कुणाचा तरी जीव जाईल.

आणि आधी टायर बघा. मागे गुळगुळीत झालेले टायर ठेवून क्राऊनवर पैसे घालणारे मी ढीगभर पाहिलेत.

काळीमाती_निफाड
जांभा, कललेल्या रस्त्याचं बरोबर आहे, मान्य. माझं रान सपाट आहे. पण घाटवाट, ओल्या वळणावर दोन्ही चाकं एकत्र सुटण्याचा धोका एलएसडीलाही आहे. रिकामी गाडी, थोडा जास्त रेस, आणि मागचा भाग बाहेर. ते तुम्ही लिहिलं नाहीत.

क्राऊनपिनियन
तेरा वर्षं क्राऊन खोलतोय. तुमच्या वादातलं सगळं खरं आहे आणि दोघांचाही पैसा बुडणार आहे, कारण बसवणारा कोण हे कुणीच विचारत नाही. एलएसडी असो की लॉकर, क्राऊन जुन्या केसवरून काढून नव्यावर चढतो. मग क्राऊन फिरवणाऱ्या छोट्या गिअरशी, म्हणजे पिनियनशी, दातांतला खेळ (मोकळी फट) परत बांधावा लागतो, बारीक माप दाखवणारं डायल गेज लावून, शिम म्हणजे पातळ चकत्या बदलून, दातांना निळा रंग लावून घासा कुठे पडतो ते बघून. आमच्या भागात निम्मे लोक हाताने हलवून "बरोबर आहे" म्हणतात. महिन्याभरात क्राऊन गुणगुणायला लागतो आणि शिव्या लॉकरला. शिवाय प्लेटवाल्या एलएसडीत साधं ९० नंबर ऑइल ओततात. तिला वेगळं अ‍ॅडिटिव्ह लागतं. नाही टाकलं तर प्रत्येक वळणावर मागून कटकट येते आणि प्लेटा जातात.

तिसरा प्रकार कुणी काढलाच नाही. ईटन कंपनीचं मेकॅनिकल लॉकिंग, जे महिंद्रा थारच्या काही मॉडेलात देते. दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजनं उघडतात आणि ते आपोआप लॉक होतं. ताशी ३० किमीच्या पुढे लागतच नाही. म्हणजे बटण नाही आणि विसरणंही नाही.

मेलबर्नकर
इथे शेतावरच्या हायलक्सला मागचं लॉक कंपनीकडूनच येतं, भारतातल्या हायलक्सलाही २०२२ पासून आहे. आम्ही चिखल दिसला की आत शिरायच्या आधी बटण दाबतो. रुतल्यावर दाबून उपयोग कमी. जांभा यांच्याशी सहमत, टायरची हवा कमी केली की निम्मं काम होतं.

काळीमाती_निफाड
दादा, हायलक्सच्या पैशात इथे तीन पिकअप येतात. आणि १६०० किलो माल असताना हवा कमी केली तर टायरची कड फाटते. रिकाम्या गाडीचे सल्ले भरल्या गाडीला लागू होत नाहीत.

पाणंद_१४३
सगळा धागा वाचला. मुळात माल भरलेली गाडी पाटात का जाते, हे कुणी विचारणार आहे का? निफाडकर, तुमच्या शिवाराच्या नकाशात तुटक दुहेरी रेषेने गाडीमार्ग दाखवलेला असणार. त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट असते. आज तिथे किती फूट उरलाय?

आमच्याकडे शेजारच्याने दरवर्षी नांगराचं एकेक तास पुढे सरकवत पाणंद, म्हणजे शेतरस्ता, खाल्ली. वडिलांच्या काळात दोन बैलगाड्या शेजारून जायच्या, आता मोटरसायकल जात नाही. वडील आजारी पडले तेव्हा त्यांना खाटेवर घालून डांबरापर्यंत आणलं. तुम्ही क्राऊन बदला, टायर बदला, रस्ता खाणारा तसाच राहणार. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करा, नंतर केला तर तिथेच अडकतो. रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३, तहसीलदार बांधावरून देतो.

घाटवाट
भाऊ, धागा क्राऊनचा आहे.

पाणंद_१४३
क्राऊन रस्त्यावर चालतो की हवेत?

दुधगाडी_ताई
पाणंदवाले भाऊ बरोबर बोलतायत. मी पहाटे चार वाजता सात वस्त्यांवरून दूध गोळा करते. त्यातल्या दोन वस्त्या जून ते ऑक्टोबर बंद, कारण रस्त्यात एकाने गोठा बांधलाय. कलम ५ चा अर्ज मीही केला होता. तारखा पडल्या, पंचनामा झाला, रस्ता मोकळा करायचा आदेश निघाला. पुढच्या पावसात परत काटेरी कुंपण. आदेश झाला म्हणजे रस्ता झाला असं नसतं, हेही लिहा.

गाडीचं म्हणाल तर माझ्याकडे लॉकरही नाही आणि एलएसडीही नाही. चाक सुटलं की हँडब्रेक दोन-तीन दात ओढते आणि क्लच हळू सोडते. फिरणाऱ्या चाकाला थोडा विरोध मिळाला की दुसऱ्याकडे जोर जातो. दहातले चार वेळा निघते.

काळीमाती_निफाड
ताई, आणि उरलेले सहा वेळा?

दुधगाडी_ताई
उतरते आणि चाकाखाली दगड घालते. दूध नासायच्या आत जे हाताशी असेल ते करावं लागतं.

पाणंद_१४३
ताई, त्या आदेशाची नक्कल जपून ठेवा. परत अडवलं तर नवा दावा घालण्याआधी तोच आदेश दाखवून अंमलबजावणी मागा. आणि फोटो तारखेसह काढा. निफाडकर, तुमचा रस्ता कोणी खाल्लाय ते अजून सांगितलं नाहीत.

काळीमाती_निफाड
सांगतो. माझ्या सख्ख्या चुलत्याने. म्हणूनच मी लॉकर शोधतोय. झालं समाधान? दरवेळी इथे कायदा घेऊन येता, पण दिवाळीला त्याच घरात ताट वाढलेलं असतं, ते कुठल्या कलमात बसवू?

पाणंद_१४३
माफ करा. हे माहीत नव्हतं. आमच्याकडेही भावकीच होती, म्हणून आवाज चढला.

घाटवाट
एवढ्यावरून माझं मत बदललेलं नाही. घाटात रोज चालणाऱ्याला एलएसडीच. पण "शौक" हा शब्द मागे घेतो. पाटात उतरलेल्या चाकासमोर एलएसडी काही करणार नाही, तेवढं तुमचं खरं. बसवणारच असाल तर बटणावर झाकण लावा आणि लॉक चालू असताना बझर वाजेल अशी वायर ओढा. मावसभावाचा ड्रायव्हर वाईट नव्हता, रात्रीचे दोन वाजले होते.

काळीमाती_निफाड
बझर लावतो. क्राऊनपिनियन दादा, ते आपोआप लागणारं माझ्या पिकअपला बसेल का?

क्राऊनपिनियन
तयार मिळणारे बरेचसे जीप आणि हायलक्सच्या मापाचे असतात, म्हणून फोनवर "बसेल" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आधी हौसिंग खोलून चार मापं घ्या. क्राऊनचे दात, पिनियनचे दात, हाफ शाफ्टच्या टोकाचे स्प्लाइन (उभे दात) आणि दोन्ही बेअरिंगचे नंबर. स्प्लाइन मोजताना एकावर खडूची खूण करा, नाहीतर एखादा दोनदा मोजला जातो. सगळे फोटो इथे टाका. तोपर्यंत कुणालाही अ‍ॅडव्हान्स देऊ नका.