मदत हवी आहे: एसएचएममधला (सरल आवर्त गतीतला) फेज कॉन्स्टंट, एका गणिताची चार उत्तरं येतायत

आंदोलक_१२:
गुळगुळीत आडव्या टेबलावर स्प्रिंगला जोडलेला ठोकळा. वस्तुमान ०.५ किग्रॅ, स्प्रिंग कॉन्स्टंट २०० न्यूटन/मीटर. टी = ० ला विस्थापन (एक्स) −३ सेमी, वेग (व्ही) +१०४ सेमी/से. फेज कॉन्स्टंट, म्हणजे टी = ० ला आंदोलन कुठल्या टप्प्यावर आहे ते सांगणारा कोन फाय, काढायचा आहे.

ओमेगा (कोनीय वारंवारता) = √(२००/०.५) = २० रेडियन/से. व्ही/ओमेगा = ५.२ सेमी, म्हणून आयाम (मध्यस्थानापासूनचं सर्वात मोठं विस्थापन) ए = √(३² + ५.२²) = ६ सेमी. इथपर्यंत ठीक. पुढे,
कॉस फाय = −०.५, कॅल्क्युलेटर म्हणतो १२०°.
टॅन फाय = −व्ही/(ओमेगा × एक्स) = १.७३, म्हणजे ६०°.
साइनचं समीकरण घेतलं तर −३०°.
छापील उत्तर ४पाय/३, म्हणजे २४०°. नक्की कुठे बिघडतंय?

चरणदास:
२४०° बरोबर आहे आणि −३०° सुद्धा बरोबर आहे. ६०° आणि १२०° चूक.

आधी दोन बरोबर उत्तरांचं. एनसीईआरटीत एक्स = ए कॉस(ओमेगा टी + फाय) असं लिहितात, आपल्या बोर्डाच्या बारावीत कॉसच्या जागी साइन असतो. गती तीच, फक्त साइनवाला फाय कॉसवाल्यापेक्षा ९०° ने मोठा. २४० + ९० = ३३०, म्हणजेच −३०. पेपरात फाय लिहिण्याआधी समीकरण लिहा. त्याशिवाय नुसत्या कोनाला काही अर्थ नाही.

आता चुकीची दोन. कॉस −०.५ असणारे कोन दोन आहेत, १२०° आणि २४०°. कॅल्क्युलेटरचा कॉस इनव्हर्स फक्त ० ते १८०° मधलाच देतो. टॅन इनव्हर्स −९०° ते ९०° मधला देतो, त्यामुळे खरा कोन ज्या चरणात (वर्तुळाच्या ९०° च्या चार भागांपैकी ज्या भागात) आहे तिथे तो पोचतच नाही. वरच्या भागाकारात दोन उणे चिन्हं एकमेकांना खाऊन टाकतात आणि ठोकळा मध्यस्थानाच्या कोणत्या बाजूला होता ही माहितीच नाहीशी होते.

म्हणून चरण आधी ठरवायचा, कोन नंतर. कॉसच्या समीकरणात टी = ० ला
एक्स = ए कॉस फाय
व्ही = −ए ओमेगा साइन फाय
एक्स उणे, म्हणून कॉस उणे. व्ही धन, म्हणून साइन उणे. दोन्ही उणे म्हणजे तिसरा चरण. टॅनने आलेल्या ६०° मध्ये १८०° मिळवा, झाले २४०°. नियम एवढाच: कॉसच्या समीकरणात एक्स उणे असेल तर टॅनच्या उत्तरात १८०° मिळवायचे, धन असेल तर आहे तेच ठेवायचं. एक्स शून्य असेल तर टॅनच्या वाटेला जाऊच नका. व्ही धन तर −९०°, उणे तर +९०°.

काही गणितांत वेगाचा आकडा नसतो, ‘मध्यस्थानाकडे जाताना’ एवढंच लिहिलेलं असतं. ते वाचून व्ही उणे धरायची सवय फार जणांना असते. कण −३ वर असेल तर मध्यस्थानाकडे जाणं म्हणजे उजवीकडे जाणं, व्ही धन.

पडताळा आलेखावरून घ्या. २० टी + २४०° = ३६०° झाले की पहिलं शिखर, म्हणजे टी = ०.१०५ सेकंद. आवर्तकाल ०.३१४ सेकंद, त्याचा बरोबर एक तृतीयांश. फाय १२०° धरला तर टी = ० नंतर ठोकळा आणखी डावीकडे जाताना दिसेल, आणि वेग तर धन दिलाय!

रेडियनवाला:
वरच्यात एक भर. ओमेगा टी रेडियनमध्ये येतो, त्यात २४० मिळवू नका. टी = ०.१ साठी २ + ४.१८९ = ६.१८९ रेडियन, एक्स = ५.९७ सेमी. २ + २४० करून डिग्री मोडमध्ये कॉस घेतला की −२.८ येतं, आणि आकडा −६ ते ६ च्या आतच असल्याने कुणाला शंकाही येत नाही.

स्प्रेडशीटमध्ये एटॅन२ (दोन आकडे वेगवेगळे घेऊन कोन देणारं टॅन इनव्हर्सचं फंक्शन) वापरलंत तर चरण आपोआप सांभाळला जातो. एक्सेल आणि कॅल्कमध्ये आधी एक्स, मग −व्ही/ओमेगा. पायथनमध्ये क्रम उलटा. उत्तर रेडियनमध्ये −२.०९४ दिसेल, म्हणजे −१२०°, ते २४०°च.

आंदोलक_१२:
समजलं, धन्यवाद. हाच ठोकळा उभ्या स्प्रिंगला टांगून मोबाइलवर व्हिडिओ काढला तर फाय असाच काढता येईल का? प्रोजेक्टसाठी हवंय.

चरणदास:
येईल, पण शून्य कुठे धरता ते बघा. टांगल्यावर स्प्रिंग ०.५ × ९.८/२०० = २.४५ सेमी ताणून स्थिरावते, आणि एक्स त्या स्थिर जागेपासून मोजायचा. मूळ लांबीपासून मोजलात तर (वरची दिशा धन धरून) −३ चं −५.४५ होईल, ए ७.५ सेमी येईल आणि फाय −१२०° ऐवजी −१३६°. दिशा उलट धरली तर फाय १८०° ने बदलतो, तीही लिहून ठेवा.

फ्रेम रेट हा खरा अडसर. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर एका आवर्तनाला जेमतेम साडेनऊ फ्रेम मिळतात. टी = ० एका फ्रेमने इकडेतिकडे झाला की फाय ३८° ने सरकतो. २४० फ्रेमचा स्लो मोशन घ्या, मग तीच चूक ५° च्या आत राहते.

शेजारच्या फ्रेममधल्या फरकावरून वेग काढत बसू नका, खाचखळगे फार येतात. सगळ्या बिंदूंना एक्स = पी कॉस(ओमेगा टी) + क्यू साइन(ओमेगा टी) बसवा. ओमेगा आधी दहा-वीस आवर्तनांचा वेळ मोजून काढा. मग पी = ए कॉस फाय आणि क्यू = −ए साइन फाय, म्हणजे एटॅन२ला पी आणि −क्यू द्यायचे.

रेडियनवाला:
आणि टी = ० व्हिडिओच्या मधोमध ठेवा. सुरुवातीला ठेवलंत तर ओमेगातली बारीकशी चूक शेवटापर्यंत वाढत जाते आणि ती भरून काढायला फाय खोटा सरकतो.