महापे–वागळे लिंक : ओएसपीएफ एक्सस्टार्टच्या पुढे सरकेना

वागळे_नेट :
नमस्कार मंडळी. आमचं ऑफिस ठाण्यात वागळे इस्टेटला, सर्व्हर महाप्याला एमआयडीसीत. मध्ये प्रोव्हायडरची लेयर-२ लिंक (दोन्ही टोकं एकाच केबलवर असल्यासारखी), व्हीलॅन टॅग नाही. शनिवारी महाप्याचा जुना सिस्को काढून तिथे जुनिपर एमएक्स बसवला. ठाण्याला सिस्कोच आहे. तेव्हापासून ओएसपीएफ (राउटर एकमेकांना रस्ते कळवतात तो प्रोटोकॉल) फुल होत नाही, म्हणजे दोघांची जोडणी पुरी होत नाही. ठाण्याचा राउटर नेबर एक्सचेंजमध्ये दाखवतो, महाप्याचा त्याच्या आधीच्या एक्सस्टार्ट पायरीवर. पिंग व्यवस्थित, एक पॅकेट ड्रॉप नाही. प्रोव्हायडर म्हणतो लिंक क्लीन आहे, तुमचं तुम्ही बघा. सध्या स्टॅटिक राउटवर (हाताने लिहिलेल्या रस्त्यांवर) भागवतोय.

कळवा_खाडी :
हॅलो-डेड टायमर (किती सेकंदांनी हॅलो पाठवायचा, किती सेकंद तो न आल्यास नेबर गेला मानायचा) जुळतात का बघ, १० आणि ४०. एरिया, सबनेट मास्क, पासवर्डही तपासून घे.

ऐरोली_नाइटशिफ्ट :
ऐरोली पुलावर अडकलोय, मोबाईलवरून लिहितोय, टायपो सांभाळून घ्या.

टायमर, एरिया, मास्क यांत घोळ असता तर नेबर दिसलाच नसता. इथे हॅलो पोचलेत, गाडी डेटाबेसच्या देवाणघेवाणीवर अडलीय. असं झालं की मी आधी एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल साइझ, बघतो. हॅलो पॅकेटात एमटीयू नसतो, डीबीडीत (डेटाबेसची यादी नेणाऱ्या पॅकेटात) असतो. समोरचा आकडा आपल्याला झेपेल त्यापेक्षा मोठा असेल तर ते डीबीडी टाकून द्यायचं, असं आरएफसी २३२८ (ओएसपीएफचं स्टँडर्ड) सांगतो.

आता तुझ्याच दोन स्टेट बघ. महाप्याचा राउटर आयडी मोठा असणार. मोठ्या आयडीवाला मास्टर ठरतो, म्हणून ठाणेवाला निमूट स्लेव्ह झाला, एक्सचेंजला गेला आणि उत्तर पाठवलं. महापेवाला ते उत्तर फेकून देतोय आणि एक्सस्टार्टलाच बसून राहिलाय. म्हणजे नकार महाप्याकडून येतोय, कमी एमटीयू तिथेच असणार.

जुन्या सिस्कोच्या कॉन्फिगमधली ‘एमटीयू १५००’ ही ओळ कुणीतरी तशीच जुनिपरवर उतरवलीय, असा माझा संशय. सिस्को आयओएसवर १५०० म्हणजे आयपी पॅकेटचे १५००. जुनिपर फिजिकल इंटरफेसवर इथरनेट हेडरचे १४ बाइट धरून मोजतो, त्याचा डिफॉल्टच १५१४. त्याला १५०० सांगितलेस की आयपीला उरले १४८६. ‘शो इंटरफेसेस’ मार आणि खाली प्रोटोकॉल इनेटसमोर (म्हणजे आयपीसाठी) काय लिहिलंय ते इथे टाक.

तुर्भे_स्विच :
एवढं कशाला? एमटीयू-इग्नोर टाका, राउटर एमटीयूचा फरक बघणारच नाही, दोन मिनिटांत फुल.

ऐरोली_नाइटशिफ्ट :
कुठे टाकणार? ती कमांड सिस्कोवर आहे आणि डीबीडी नाकारतोय तो जुनिपर. सिस्कोने हजार वेळा इग्नोर केलं तरी जुनिपरला काय त्याचं! शिवाय दोन्ही बाजूंना सिस्को असते तरी मी टाकली नसती. नेबर फुल दिसतो, मग एक दिवस मोठं अपडेट पॅकेट वाटेत गळतं आणि अकाउंटवाल्यांची फाइल अर्ध्यावर लटकते. तेव्हा एमटीयूची आठवण कुणालाच येत नाही.

वागळे_नेट :
दादा, इनेटसमोर १४८६! राउटर आयडीही महाप्याचाच मोठा निघाला. ती ओळ आत्ता काढू का?

ऐरोली_नाइटशिफ्ट :
भर दुपारी नको. एमटीयू बदलला की जुनिपर इंटरफेस पाडून पुन्हा उभा करतो, तुझे स्टॅटिक राउटही तेवढा वेळ जातील. रात्री काढ. नंतर डीएफ बिट (पॅकेट तोडू नका अशी खूण) लावून मोठा पिंग मार, नाहीतर मधल्या प्रोव्हायडरचं पितळ उघडं पडणार नाही. सिस्कोवरून साइझ १५०० दे. जुनिपरवरून मारलास तर १४७२ दे, तो आयपी आणि आयसीएमपी (पिंगचा प्रोटोकॉल) हेडरचे २८ बाइट वेगळे धरतो.

वागळे_नेट :
रात्री ओळ काढली, लगेच फुल झाला. १५०० चा पिंग दोन्हीकडून जातोय. स्टॅटिक राउट उद्या काढतो, आज हात लावत नाही.