औंधची यात्रा, राजाचे नमस्कार आणि आटपाडीची तक्रार

खटावकर:
परवा दुसऱ्या एका चर्चेत 'माणगंगेकाठचा' यांनी लिहिले की, सातारा जिल्ह्यातले औंध म्हणजे एका हौशी राजाचा संसार होता, १९४८ साली संस्थान विलीन झाले तेव्हाच गावही संपले आणि आता पौषात यमाई देवीच्या यात्रेतले पाळणे व भोंगे एवढेच उरले आहेत. दोन दिवस गप्प बसलो, पण राहवत नाही.

माझी हरकत 'हौशी' या शब्दाला आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी चित्रे काढत आणि कीर्तनाला उभे राहत, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने घटना देऊन स्वतःचे अधिकार प्रजेच्या हाती सोपवणे आणि गावोगाव निवडलेल्या पंचायतींकडे कारभार देणे, हे हौसेखातर कोणी करत नाही. जमवलेल्या कलावस्तू वाड्यात कुलूपबंद न ठेवता त्यांच्यासाठी १९३८ साली यमाईच्या डोंगराच्या वाटेवर संग्रहालय बांधले, म्हणूनच मूळपीठाला, म्हणजे डोंगरावरच्या यमाईच्या देवळाला, निघालेला शेतकरी आजही वाटेत रविवर्म्याची चित्रे पाहू शकतो.

राहिली यात्रा. आमची आजी मूळपीठाच्या प्रत्येक पायरीला हळदी-कुंकू लावत चढत असे. पदराच्या गाठीतली पुडी शेवटच्या वीस-पंचवीस पायऱ्यांना पुरत नसे, तेव्हा ती रिकामे बोट दगडाला टेकवून पुढे जाई. त्या बोटाचा विलीनीकरणाशी काय संबंध, ते मला कोणी समजावून सांगावे.

माणगंगेकाठचा:
आजींना नमस्कार. परंतु आपले सारे लेखन औंधच्या वेशीपाशी संपते, हीच माझी मूळ तक्रार आहे. संस्थान बहात्तर गावांचे होते आणि तेही सलग नव्हते. एक तुकडा खटावात, एक आटपाडीत, एक कुंडलला, एक पार विजापूरकडे गुणदाळला. वाडा औंधला, संग्रहालय औंधला, देवी औंधला. आमच्या दुष्काळी आटपाडीच्या वाट्याला काय आले, तर स्वतंत्रपूरची कैद्यांची खुली वसाहत!

शिवाय राजाने शाळांतून सक्तीचे केलेले सूर्यनमस्कार आलेच. आमचे आजोबा संस्थानातल्या एका शाळेत शिकले. नमस्कार मोजण्यासाठी मास्तर प्रत्येकापुढे चिंचोके मांडत आणि एक नमस्कार झाला की एक चिंचोका उजवीकडे सरकवायचा, असा नियम होता. आजोबांनी एकदा दोन चिंचोके एकदम सरकवले म्हणून त्यांना छडी बसली. घरात सकाळची भाकरी नव्हती, हे मास्तरांना कोणी सांगायचे? राजाचे आरोग्यप्रेम थोर असेल, पण ते उपाशी पोटाने भोगलेल्यांनाही बोलू द्यावे.

कुंडलवासी:
आटपाडीकरांनी रडावे आणि आम्ही ऐकावे, हे नेहमीचेच झाले आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा निवडुंगाने भरलेला माळ याच राजाने दिला आणि वर कर्जही दिले. त्यातून किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे बेचाळीसच्या चळवळीत जी. डी. बापू लाडांसारखे प्रतिसरकारचे कार्यकर्ते आमच्याच कुंडलचे होते, आणि संस्थानी हद्दीत इंग्रजांच्या पोलिसांना मोकळे रान नव्हते, याचा त्यांना किती उपयोग झाला, हे गावातल्या जुन्या माणसांकडून आम्ही ऐकले आहे. म्हणून सरसकट 'हौशी राजा' म्हणू नये.

मूळपीठ:
मूळ विषय बाजूला ठेवून नमस्कारांबद्दल लिहितो, त्याबद्दल क्षमस्व. माझे वय एकाहत्तर असून मी रोज पंचवीस नमस्कार घालतो आणि अजून चष्म्याविना वर्तमानपत्र वाचतो. बाळासाहेबांनी सूर्यनमस्कार जगाला दिले, याबद्दल आपण कृतज्ञ असायला हवे.

माणगंगेकाठचा:
जगाला दिले म्हणजे काय? ते काय औंधच्या वाड्यात जन्मले? नमस्कार घालण्याची रीत त्यांच्या आधीपासून होती. त्यांनी प्रचार केला, पुस्तक लिहिले आणि शाळांतून सक्ती केली, इतकेच म्हणा. आणि चष्म्याचे श्रेय नमस्कारांना देणार असाल, तर आजोबांना विसाव्या वर्षीच चष्मा लागला होता, त्याचे श्रेय कोणाला द्यायचे तेही सांगा.

मूळपीठ:
दोन चिंचोके एकदम सरकवल्याला! आपल्या भाषेवरून आपण एकही नमस्कार घातलेला दिसत नाही. थोरांविषयी बोलताना थोडी मर्यादा ठेवावी.

खटावकर:
आपण दोघेही थांबावे. गोष्ट चाललेली आहे यात्रेची आणि गावाची. राजाबरोबर सगळे संपले असते, तर संगीत महोत्सवाचे काय झाले असते? अंतूबुवा जोशींनी गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ तो १९४० साली औंधला सुरू केला, त्यांच्यामागे त्यांचे चिरंजीव गजाननबुवांनी चालवला, आणि आजही आश्विन वद्य पंचमीला लोक गाणे ऐकायला गावात येतात. राजाश्रय जाऊन पाऊणशे वर्षे उलटली, तरी तंबोरे जुळवले जातातच ना?

माणगंगेकाठचा:
बरे, महोत्सवाचे मान्य. 'गाव संपले' हे शब्द मी मागे घेतो, कारण मी रागाने लिहिले होते आणि त्या रागाचे कारण वेगळे होते. गेल्या पौषात रथाच्या दिवशी आईला घेऊन आलो होतो. भोंग्यांच्या आवाजात तिने देवीला काय मागितले, ते तिचे तिलाही ऐकू आले नाही. गोडीशेवेचा पुडा घेऊन आम्ही निमूट परत फिरलो. या भोंग्यांवर मात्र आपण अवाक्षर काढलेले नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो.

खटावकर:
भोंग्यांबाबत आपले बरोबर आहे. मान्य करायला जड जाते, पण बरोबर आहे. आजी असती तर तिनेच पहिल्यांदा तोंड सोडले असते. पुढच्या वेळी आईंना रथाच्या गर्दीत आणू नका, दोन दिवस आधी पहाटे आणा. त्या वेळी डोंगरावर वाऱ्याखेरीज काही ऐकू येत नाही.

माणगंगेकाठचा:
येईन. पण त्याआधी कार्तिकात आपण आटपाडीला उत्तरेश्वराच्या यात्रेला यायचे. तिथे माडग्याळी मेंढ्यांचा भाव ऐकलात, की संग्रहालयाच्या तिकिटाचे कौतुक आपोआप थांबेल. औंधचा माणूस आमच्याकडे यात्रेला आल्याचे मला तरी आठवत नाही.

कुंडलवासी:
कुंडलला कोणीच यायचे नाही, असे ठरलेले दिसते.