टोमॅटोच्या व्हायरसचं सिक्वेन्सिंग: शेतकऱ्याच्या काय कामाचं?

शिवारवाला: 2020च्या उन्हाळ्यात अकोले, संगमनेर, जुन्नरकडे टोमॅटोला रंगच धरेना, पिवळे-लाल पट्टे पडले, लोक 'तिरंगा व्हायरस' म्हणू लागले. नमुने बंगळुरूच्या आयआयएचआरमध्ये, म्हणजे भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेत गेले. मुख्यतः कुकुंबर मोझॅक व्हायरस निघाला. तोवर कित्येकांनी प्लॉट उपटून टाकले होते. सिक्वेन्सिंग करून, म्हणजे व्हायरसचा जनुकीय क्रम वाचून त्याची कुंडली मांडून एक क्रेट तरी वाढतं का? तोच पैसा रोपवाटिकांच्या कीडरोधक जाळीला द्या.

पानकिडा: दादा, कुंडली नसेल तर फवारणार कशावर? लीफ कर्ल (पानं वळवणारा व्हायरस) पांढऱ्या माशीने येतो, बड नेक्रोसिस (शेंडा करपवणारा) फुलकिड्यांनी, कुकुंबर मोझॅक माव्याने. मावा रोगट झाडात काही सेकंद सोंड खुपसतो आणि पुढच्या झाडावर तेवढ्याच वेळात व्हायरस सोडतो. औषधाने तो मरेपर्यंत काम झालेलं असतं. पांढऱ्या माशीचं तसं नाही. तिला बराच वेळ रस शोषावा लागतो, म्हणून तिथे फवारणीला थोडा तरी अर्थ आहे. आणि रुगोज (फळांवर तपकिरी सुरकुत्या पाडणारा व्हायरस) असेल तर किडीच्या मागे लागूच नका, तो मुख्यतः बियाण्यातून आणि मजुरांच्या हातांनी फिरतो.

काउंटरवरून: पान वर वळलं की पांढरी माशी. एवढं आम्ही दुकानात बसून सांगतो.

पानकिडा: शेजारच्या उसावर मारलेलं 2,4-डी तणनाशक वाऱ्याने आलं तरी टोमॅटोचं पान वाकडं होतं. त्यावरही तुम्ही बाटली विकणारच ना?

रोपटं: दोघंही एक सोडताय. नुसती ओळख पटवायला एलायझा किंवा पीसीआर या प्रयोगशाळेतल्या चाचण्या पुरतात, स्वस्तही पडतात. सिक्वेन्सिंग लागतं ते व्हायरस बदलतोय का हे बघायला. कुकुंबर मोझॅकचा जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय मजकूर, आरएनए नावाच्या रेणूच्या तीन तुकड्यांत असतो. एकाच झाडात दोन प्रकार भेटले तर तुकड्यांची अदलाबदल होते. लीफ कर्लवाल्यांतही अशी सरमिसळ चालते. टीवाय-2 या रोगप्रतिकारक जनुकाचं वाण काही लीफ कर्ल व्हायरसांपुढे टिकतं, काहींपुढे नाही. आपल्या पट्ट्यात कोणता फिरतोय हे वाचल्याशिवाय महागडं बियाणं घेणं म्हणजे मटका.

शिवारवाला: हे पटलं. पण मग तो अहवाल परिषदेत वाचू नका, उन्हाळी रोपं बुक करायच्या आधी नर्सरीवाल्याच्या हातात द्या.

काउंटरवरून: नर्सरीवाला वाचणार? तो ॲडव्हान्स मोजत असतो. जाळीचंच बघा.