आजारी गोल्डफिश: हौदातच बरा करायचा की टबात काढायचा?

परसदार (धागा सुरू करणारे):
परसातल्या हौदात एखादा गोल्डफिश कोपऱ्यात बसला, पर मिटून घेतले, खायला येईना, की बहुतेक जण लगेच जाळी घालून त्याला बादलीत काढतात आणि निळं औषध ओततात. माझं मत याच्या उलट आहे. दहातल्या बऱ्याचशा वेळा बिघाड पाण्यात असतो, आणि मासा बाहेर काढल्यावर बाकीचे त्याच पाण्यात राहतात.

सोलापुरात हे अधिकच लागू आहे. उजनी धरणाचं पाणी नळाला काही दिवसांच्या अंतराने येतं, म्हणून मध्ये भर घालायला बोअर किंवा टँकर. बोअरचं पाणी जड, बऱ्याच ठिकाणी पीएच ८ च्या वर. माशांच्या मैल्यातून पाण्यात अमोनिया साठतो, आणि तो किती विषारी ठरेल हे पीएच आणि तापमानावर असतं. ३० अंशाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा एक टक्काही विषारी रूपात नसतो, पीएच ८.५ ला तो भाग साधारण २० टक्के होतो. टेस्ट किटवर रंग तोच दिसतो, पण एका हौदात मासे मजेत आणि दुसऱ्यात कल्ले लाल.

म्हणून क्रम असा ठेवा. खाणं बंद. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आधी हौदापाशी जा. सगळेच मासे वर तोंड काढून हवा घेत असतील तर प्राणवायू कमी आहे. हिरवंगार शेवाळी पाणी दिवसा प्राणवायू देतं आणि रात्रभर तोच ओढून घेतं, त्यामुळे दुपारी सगळं ठीक दिसतं. एअर पंप रात्री बंद ठेवणाऱ्यांचे मासे पहाटेच मरतात, ते याचमुळे. मग अमोनिया, नायट्राइट, पीएच मोजा. अमोनिया दिसला तर एक चतुर्थांश पाणी बदला, पण ते हळूहळू सोडा. जुन्या हौदाचा पीएच उतरलेला असतो. त्यात एकदम भरपूर बोअरचं पाणी सोडलं तर पीएच वर जातो आणि निरुपद्रवी अमोनियमचा विषारी अमोनिया होतो. पाणी बदलल्यावर मासे मेले असं म्हणतात त्यातली बरीच प्रकरणं ही असतात.

नळाच्या आणि टँकरच्या पाण्यात क्लोरीन तपासायच्या ओटीचे (ऑर्थोटोलिडिनचे) थेंब टाकून पिवळा रंग येतो का बघा. आला तर क्लोरीन काढणारे हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे, १००० लिटर नव्या पाण्याला साधारण १० ग्रॅम, आणि पुन्हा ओटी. टँकरमध्ये ब्लीचिंग जास्त पडलेलं असेल तर तेवढ्याने भागत नाही, म्हणून दुसरी तपासणी टाळू नका.

होटगीरोड:
परसदार, पाण्याबद्दलचं सगळं मान्य, निष्कर्ष मान्य नाही. पाणी बिघडलं असेल तर सगळे मासे सुस्त होतात. आठातला एकच बसला आहे आणि सात धावतायत, तर त्या एकाला काहीतरी वेगळं झालंय. त्याच्यासाठी आख्ख्या हौदात औषध का ओतायचं?

हिशोब करून बघा. ६ फूट लांब, ४ फूट रुंद, पाण्याची खोली अडीच फूट: ६० घनफूट, गुणिले २८.३, म्हणजे जवळपास १७०० लिटर. ०.३ टक्के मीठ करायचं तर ५ किलोच्या वर खडे मीठ लागतं. त्यात हायड्रिलासारख्या पाणवनस्पतींना त्रास होतो, जलपर्णी पिवळी पडते, कमळाची पानं करपतात. आणि मीठ उडून जात नाही. उन्हाळ्यात पाणी आटतं, मीठ तिथंच राहतं, वरून बोअरची भर पडली की पाणी आणखी खारं. ते कमी करायचं तर पाणी उपसूनच, आणि त्यासाठी पुन्हा टँकर.

टबात हेच १८० ग्रॅममध्ये होतं. ६० लिटरचा टब, सावलीत. हौदात अमोनिया शून्य असेल तर हौदाचंच पाणी घ्या, नसेल तर क्लोरीन काढलेलं त्याच तापमानाचं पाणी. मीठ तीन हप्त्यांत, बारा तासांच्या अंतराने ६०-६० ग्रॅम, विरघळवून. एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालू. हौदाच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा टबात टाका, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू आयते मिळतात. रोज अर्धं पाणी बदला आणि काढलेल्या पाण्यात होतं तेवढंच मीठ परत घाला, जास्त नाही. वरून जाळी बांधा, आजारी गोल्डफिशही उडी मारतो.

जुळेसोलापूरताई:
दोघांचंही बरोबर ठरेल असे आजार वेगवेगळे आहेत. आजाराचं नाव न घेता वाद चाललाय, म्हणून एक नाव घेते: पांढरे ठिपके. अंगावर रवा भुरभुरल्यासारखं दिसतं, मासा भिंतीला अंग घासतो.

या परजीवीचं चक्र असं आहे. अंगावरचा ठिपका पिकून गळतो, तळाशी चिकटतो, तिथं त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती पोहत मासा शोधतात. मीठ किंवा औषध फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना मारतं. अंगावरच्या ठिपक्याला काही होत नाही, तळाच्या गाठीलाही नाही. म्हणजे ठिपके दिसणारा एक मासा टबात नेला, तरी हौदाच्या तळाशी पुढची फळी तयारच आहे. इथं आख्ख्या हौदाचाच इलाज लागतो. होटगीरोड, तुमचा टब इथं पुरत नाही.

आपल्याकडे हा रोग गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला, जानेवारीत येतो, रात्री पाणी गार पडतं तेव्हा. पाणी ३० अंशांच्या वर राहिलं की त्याच्या बहुतेक जातींची वाढ थांबते, म्हणून मे महिन्यात पांढरे ठिपके दिसले तर आधी शंका घ्या. नराच्या कल्ल्यांवर आणि पुढच्या परांच्या कडेला विणीच्या काळात पांढरे दाणे येतात, तो आजार नाही. गार पाण्यात चक्र सावकाश चालतं, त्यामुळे तीन दिवसांत औषध थांबवणं हाच सगळ्यात मोठा घोळ. शेवटचा ठिपका गेल्यावरही आठ-दहा दिवस मीठ तसंच ठेवा. वनस्पती वेगळ्या टबात काढल्या तरी त्यांच्यावर गाठी चिकटलेल्या असतात, त्या टबात दोन आठवडे मासा नको.

परसदार:
ताई, हेच म्हणायचं होतं. आणि टबाबद्दल एक मोठी अडचण राहिली. एप्रिल-मेमध्ये जमिनीत बांधलेल्या, सावलीतल्या हौदाचं पाणी २९-३० अंशांवर टिकतं. प्लास्टिकचा टब पत्र्याच्या शेडखाली ठेवला तर दुपारी ३५-३६ आणि पहाटे पुन्हा खाली. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि माशाची गरज मात्र वाढते. आजारी माशाला ही चढउतार आजारापेक्षा लवकर मारते. टब ठेवायचाच तर घरात, फरशीवर, थेट ऊन न येणाऱ्या खोलीत. हौदावरही अर्ध्या भागावर ५० टक्क्यांची शेडनेट हवीच.

होटगीरोड:
घरात ठेवा, हरकत नाही. पण दोन प्रकार असे आहेत की हात लावल्याशिवाय सुटका नाही. एक, जखम: खवला निघून खाली लाल खड्डा. मासा ओल्या फडक्यात धरायचा, डोळे झाकायचे, कापसाच्या काडीने पोव्हिडोन आयोडिन लावायचं, कल्ल्यांकडे ओघळ जाऊ द्यायचा नाही. पाण्याबाहेर मिनिटभरच. हे हौदाच्या काठावर रोज करता येत नाही, जाळीने पाठलाग करूनच मासा अर्धमेला होतो.

दुसरा, अँकर वर्म. अंगातून बाहेर लोंबणारा सेंटिमीटरभर दोरा, बुडाशी लाल. चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सावकाश ओढायचा. मधे तुटला तर डोकं आत राहतं आणि तिथं गळू होतं. माशाला सोसेल एवढ्या मिठाने हा किडा मरत नाही.

नवखा:
दुकानदार टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल फोडून हौदात टाकायला सांगतात. जखमेला चालेल का?

जुळेसोलापूरताई:
नाही. जड पाण्यातलं कॅल्शियम टेट्रासायक्लिनला बांधून टाकतं, माशाच्या अंगात फार थोडं पोचतं. आपल्या बोअरच्या पाण्यात तर पैसे वाया. जे उरतं ते फिल्टरच्या जिवाणूंना त्रास देऊ शकतं, आणि मग अमोनिया. अँटिबायोटिक द्यायचंच तर पशुवैद्यकाला विचारून खाण्यातून.

अँकर वर्मबाबत होटगीरोड यांच्या उत्तरात एक भर. माशावरची मादी चिमट्याने गेली, तरी तिची अंडी आणि पिल्लं हौदात आहेत. तेव्हा इथं टबही हवा आणि हौदाचा इलाजही. डिफ्लुबेन्झुरॉन पिल्लांना कात टाकू देत नाही, पूर्ण वाढलेल्या मादीवर मात्र त्याचा उपयोग नाही, म्हणून चिमटा सुटत नाही. हे औषध पाण्यातल्या कोळंबी-खेकड्यांसारख्या इतर कवचधारी जीवांनाही मारतं. औषध घातलेलं पाणी नाल्यात किंवा विहिरीकडे जाऊ देऊ नका.

परसदार:
पोटॅशचं (पोटॅशियम परमँगनेटचं) काय? १७०० लिटरला ३.४ ग्रॅम, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम, असं मी सुचवेन.

होटगीरोड:
आपल्या पाण्यात मी सुचवणार नाही. पीएच जास्त असताना पोटॅशचा तपकिरी साका कल्ल्यांवर बसतो. शिवाय शेवाळ आणि गाळ असलेल्या हौदात गुलाबी रंग अर्ध्या तासात तपकिरी होतो, म्हणजे औषध गाळानेच खाल्लं. मग माणसं चमचाभर आणखी टाकतात आणि तिथं मासे जातात. वजन करायला ग्रॅमचा दशांश दाखवणारा काटा नसेल तर पोटॅशला हातच लावू नये.

परसदार:
पीएच ८ च्या वर असेल तर पोटॅश नको, हे मान्य. पण एकटा मासा सुस्त दिसला की लगेच टब, हे अजूनही मान्य नाही. आधी दोन दिवस उपास, तपासणी, हवा. पोट फुगून मासा वाकडा पोहत असेल तर बऱ्याचदा एवढ्यानेच सुधारतो, नंतर साल काढलेला उकडलेला वाटाणा. अपवाद एकच मानतो: खवले चहूबाजूंनी उभे राहिले असतील तर लगेच टब, लिटरला १ ग्रॅम एप्सम मीठ. तोवर मूत्रपिंडं गेलेली असतात, वाचण्याची आशा कमीच.

जुळेसोलापूरताई:
दोन गोष्टी कुणीच लिहिल्या नाहीत. डासांसाठी धुरफवारणीची गाडी गल्लीत येते तेव्हा हौदावर ताडपत्री टाका आणि एअर पंप तेवढा वेळ बंद करा, तो धूर पाण्यात ओढतो. फवारणीतली पायरेथ्रॉइड औषधं अगदी थोड्या प्रमाणातही माशांना मारतात.

आणि वाचत नाही असं वाटणारा मासा सिद्धेश्वर तलावात किंवा संभाजी तलावात सोडू नका. तो तिथं जगत नाही, त्याच्या अंगावरचे किडे मात्र तिथल्या माशांना लागतात. लवंग तेलाचे थेंब कोमट पाण्यात घुसळून घातले की मासा शांत झोपतो, मात्रा वाढवली की उठत नाही. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही अर्धा तास त्याच पाण्यात ठेवा, मग परसातच खोल पुरा.