दोन फुटी टँकमध्ये तळाचे मासे किती? माझं मत: एकाच जातीचे सहा, बाकी काही नको

वाळूतळ:
आपल्याकडं दुकानात गेलं की दोन फुटी टँकला ठरलेला सेट देतात, एक सकर (काचेला तोंडानं चिकटणारा), दोन कोरी (मिशावाला छोटा कॅटफिश), एखादा लोच (लांबट, तळाशीच राहणारा), "खाली साफ राहतंय" म्हणून. माझा ह्याला सरळ विरोध आहे. तळाचे मासे लिटरवर मोजायचेच नाहीत, तळाच्या जागेवर मोजायचे. दोन बाय एकचा टँक एक फूट उंच घ्या नाहीतर दीड फूट, कोरीला जमीन तेवढीच मिळणार, २ चौरस फूट, त्यातनं दगड, लाकूड, फिल्टर वजा करा. एवढ्यात एक जात नीट बसते आणि ती कळपाची असेल तर सहा तरी पाहिजेत. ब्राँझ कोरी वाढून अडीच इंचाच्या आसपास होते, सहा मावतात. तीन जातींचे दोन-दोन टाकले तरी आकडा सहाच होतो पण कळप एकाचाही होत नाही. सहा असल्या की दिवसाढवळ्या बाहेर फिरतात, मिशा आणि सगळं तोंड वाळूत खुपसतात, कल्ल्यातनं वाळू सोडत पुढं सरकतात, मधेच एक सर्रकन वर जाऊन हवेचा घोट घेऊन येते की तिच्या मागं बाकीच्या पण. दोनच असल्या तर फिल्टरच्या मागं दबून बसतात.

बोअरचं पाणी:
अण्णा, पुस्तकात बरोबर आहे, सोलापुरात नाही. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२ च्या वर असतंय, घरातल्या टँकचं पाणी ३२-३३ ला जातंय. २५ अंशाला लिटरभर पाण्यात साधारण ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ ला ७.३, आणि पाणी तापलं की माशाला ऑक्सिजन जास्तच लागतो. त्यात आपलं बोअरचं जड पाणी, पीएच चढा, अशा पाण्यात माशांच्या घाणीतनं थोडा जरी अमोनिया झाला तरी जास्त बाधतो. पाणी बदलावं म्हटलं तर नळाला रोज पाणी नाही, आधी घरातलं भरायचं का माशांचं? म्हणून माझा आकडा तीन, फार तर चार.

वाळूतळ:
उन्हाचा मुद्दा खरा आहे पण तीन ठेवल्यानं पाणी थंड होत नाही ना. ३३ अंश तीन कोरींनाही तेवढेच वाईट. तिथं जात बघायची. पांडा कोरीला गार पाणी लागतं, ती सोलापुरात घेऊच नये, कितीही गोड दिसू दे. स्टर्बाय कोरी २८ पर्यंत मजेत राहते. आणि आपली हवा कोरडी, त्याचा फायदा घ्या, झाकण काढून जाळी टाका, पाण्यावर छोटा टेबल फॅन लावा, दोन-तीन अंश उतरतात, सोबत एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालू ठेवा.

बोअरचं पाणी:
फॅन लावला की पाणी उडतंय आणि क्षार मागं राहतात, वरनं परत बोअरचंच ओतलं तर पाणी अजून जड. हे कुणी सांगत नाही.

वाळूतळ:
हे मान्य, ओतायचं पाणी आरओचं घ्या, उडालं तेवढंच भरायचंय, रोजचं तांब्या-दोन तांब्या. पण माझा मूळ प्रश्न वेगळाय. घाण कमी करायची तर तुम्ही तळाचेच मासे का कमी करताय? वर दहा-बारा मॉली, दोन गोल्डफिश, एक एंजल फिरतायत त्यांना कुणी बोलत नाही. कळपातनं तीन काढले तर उरलेल्या तिघी भेदरून राहतात, वरच्या मॉली अर्ध्या केल्या तर कुणाचंच काही जात नाही. गोल्डफिश तर दोन फुटीत नकोच.

नवी पेठवाली:
माझ्याकडं दोनच कोरी आहेत, केव्हापासनं मस्त जगतायत. सहाचा नियम जरा जास्तच ताणलाय असं वाटतंय.

वाळूतळ:
ताई, जगतात हो, चिवट जात आहे. पण जगणं आणि मोकळं फिरणं ह्यात फरक आहे. दोनच ठेवायचे असतील तर कळप न लागणारी जात घ्या, म्हणजे एक ब्रिसलनोज (सकरचाच छोटा भाऊबंद), तो पाच इंचाच्या आसपास थांबतो, एकटा खुशाल राहतो. मी कोरीच घ्या म्हणत नाहीये, जातीला लागतील तेवढे घ्या म्हणतोय.

गाळसाफ:
सकर तरी एक पाहिजेच की ओ, नाहीतर काचेवरचं शेवाळ कोण खाणार?

वाळूतळ:
दुकानात दोन इंचाचा दिसतो तो साधा सकर फुटापेक्षा मोठा होतो, दोन फुटी टँकमध्ये त्याला वळता पण येत नाही. थोडा मोठा झाला की शेवाळ सोडून गोळ्याच खातो आणि दोऱ्यासारखी शी दिवसभर सोडतो, साफ करण्यापेक्षा घाण जास्त. काच पुसायला स्पंज आहे. आणि हात जोडून सांगतो, मोठा झाला म्हणून संभाजी तलावात नाहीतर हिप्परग्याच्या तलावात सोडू नका, हा दक्षिण अमेरिकेचा मासा आपल्याकडच्या पाण्यात पसरला की काढता येत नाही. घेतला असेल तर दुकानात परत द्या नाहीतर मोठा टँकवाला शोधा.

गाळसाफ:
मग खाली पडलेलं खाणं? ते तर कोरीच खाते ना, म्हणून तर घेतात लोक.

वाळूतळ:
उरलंसुरलं खाऊन तिचं पोट भरत नाही, वरचे मासे काही उरवतच नाहीत. रात्री लाईट बंद केला की बुडणाऱ्या गोळ्या टाका, पसरून, एका कोपऱ्यात नको. आणि खाली बारीक गुळगुळीत वाळूच पाहिजे, धारदार खडीत मिशा झिजतात, मग अन्न सापडत नाही. वाळू टाकायची तयारी नसेल तर आकडा शून्य.

बोअरचं पाणी:
वाळूचं शंभर टक्के पटलं. मी तरी चारवरच आहे, लाईट गेली आणि एअर पंप बंद पडला तर सहाचं ओझं मोठं. आणि कुणी नवीन घेत असेल तर मेमध्ये घेऊ नका, पाऊस पडून पाणी निवलं की घ्या.

वाळूतळ:
मेमध्ये घेऊ नका, ह्याला माझा पण दुजोरा. लाईटसाठी बॅटरीवरचा एअर पंप मिळतो, तो घेऊन ठेवा. चारचं मात्र नाही पटत, चार घेण्याइतकीच ताकद तुमच्या फिल्टरमध्ये असेल तर आधी फिल्टर वाढवा, मग कोरी.

नवी पेठवाली:
दोन मॉली मैत्रिणीला देते म्हणजे वरचं ओझं कमी होईल, आणि जुलैत अजून चार आणते, त्याच जातीच्या. फिल्टर स्पंजचा आहे, एक अजून लावू का?

वाळूतळ:
लावा, दुसऱ्या टोकाला. जुन्या स्पंजसोबत महिनाभर चालू दे, मग मासे आणा, आणि चार एकदम नको, दोन-दोन करून.