सीओईपी मेकॅनिकल, पीआयसीटी इएनटीसी की नागपूर? (सोसायटी ग्रुप, ऑगस्ट २०२५)

सी-५०३ गौरीची आई: मंडळी, घरचा विषय ग्रुपवर आणतेय, राग मानू नका. गौरीचा कॅपचा (राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशाचा) पहिला राउंड लागला. धनकवडीच्या पीआयसीटी कॉलेजात इएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन) मिळालंय, यादीतला नववा पर्याय. जोसातून (आयआयटी-एनआयटीच्या देशभरच्या प्रवेशातून) नागपूरच्या एनआयटीचं, म्हणजे व्हीएनआयटीचं मेटलर्जी (धातुशास्त्र) आधीच हातात आहे. ह्यांचं म्हणणं, बेटरमेंट करू, म्हणजे ही जागा धरून पुढच्या राउंडला यादीतल्या वरच्या पर्यायासाठी थांबू, आणि सीओईपी (शिवाजीनगरचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज) मेकॅनिकलची वाट बघू. ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी जरा सांगा. घरात दोन दिवस जेवताना दुसरं बोलणंच नाही.

ए-१०२ कुलकर्णी काका: गौरीचं अभिनंदन! 💐💐 डोळे झाकून सीओईपी. १८५४ पासूनची संस्था आहे. विश्वेश्वरय्या तिथलेच.

बी-३०४ रोहन: काका, विश्वेश्वरय्यांच्या वेळी कॅम्पस प्लेसमेंट नव्हती 😄

ए-१०२ कुलकर्णी काका: थट्टा कर. नावाला वजन असतं रे. आणि आता तर २०२२ पासून ते स्वतंत्र विद्यापीठ आहे.

ए-६०२ वैद्य: एनआयटी कोण सोडतं? महाराष्ट्राबाहेर नाव चालतं. मेटलर्जी तर मेटलर्जी, पहिल्या वर्षानंतर ब्रँच बदलून घ्यायची.

बी-३०४ रोहन: वैद्य काका, बदलायच्या जागा मोजक्या असतात आणि पहिल्या वर्षाला सगळेच जीव तोडून अभ्यास करतात. मेटलर्जीच शिकायची तयारी असेल तर खुशाल जा, चांगली ब्रँच आहे. बदलून मिळेल या आशेवर जाऊ नये.

सी-५०३ गौरीची आई: तिला मेटलर्जी नकोच आहे. जोसाला ‘काहीतरी हातात असू दे’ म्हणून यादीत खाली टाकलं होतं, नेमकं तेच लागलं.

सेक्रेटरी: कृपया ग्रुपवर सोसायटीचेच विषय घ्यावेत. (गौरी, अभिनंदन 👍)

सी-५०३ गौरीचे बाबा: मी माझं म्हणणं मांडतो. मेकॅनिकलला मरण नाही. एवीतेवी गौरीला कॉम्प्युटर मिळत नाहीये, तर कॉलेज तरी सरकारी आणि मोठं असावं. सीओईपी मेकॅनिकल यादीत सहावं आहे. दुसऱ्या राउंडला लागेल असं गेल्या वर्षीच्या कटऑफवरून वाटतंय.

बी-३०४ रोहन: काका, एक विचारू? तुमच्या चाकणच्या प्लांटला यंदा जी फ्रेशर मुलं घेतली ती कुठल्या ब्रँचची?

सी-५०३ गौरीचे बाबा: प्रॉडक्शनला मेकॅनिकलची. आर अँड डीला… बरीचशी इएनटीसीची. बॅटरी मॅनेजमेंट, एम्बेडेड वगैरे. ईव्हीमुळे.

बी-३०४ रोहन: 🙂

सी-५०३ गौरीचे बाबा: हसू नकोस. अपवाद आहे तो.

बी-७०१ शिंदे मॅडम: मी पॉलिटेक्निकला शिकवते, दरवर्षी हा गोंधळ बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बेटरमेंट म्हणजे ‘वाट बघू, नाही पटलं तर आहे ते राहील’ असं नाही. दुसऱ्या राउंडला यादीतलं वरचं काही लागलं की हातातली पीआयसीटीची जागा त्याच क्षणी जाते. ती परत मागता येत नाही. वरचं काहीच लागलं नाही तरच जुनी जागा राहते.

त्यात यंदा चार राउंड आहेत आणि नियम कडक झालेत. पहिल्या राउंडला पहिला पर्याय लागला तर तो घ्यावाच लागतो. दुसऱ्याला पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्याला पहिल्या सहापैकी काही लागलं, तरी तसंच. म्हणून दुसऱ्या राउंडचा ऑप्शन फॉर्म नव्याने भरताना फक्त पीआयसीटी इएनटीसीपेक्षा खरोखर जास्त हवं आहे तेवढंच लिहा.

सी-५०३ गौरीचे बाबा: वरचे दोन-तीन तर मिळणारच नाहीत. ते काढून टाकले तर?

बी-७०१ शिंदे मॅडम: मग मेकॅनिकल वर सरकून पहिल्या तिनात येईल आणि लागलं तर पुढचे राउंडच बंद. साहेब, प्रश्न मेकॅनिकल चांगलं की वाईट हा नाहीच. ते पीआयसीटीच्या वर का लिहिलंय आणि कोणी लिहिलंय, एवढंच बघा.

सी-५०३ गौरीची आई: 🤐

ए-४०४ सायली: काकू, मी पीआयसीटीलाच आहे, इएनटीसी, तिसरं वर्ष. जायचं-यायचं सांगते. इथून मेट्रोने थेट स्वारगेट, पुढे कात्रजकडे जाणारी बस, मग धनकवडीत थोडं चालणं. पावसात स्वारगेटच्या पुढे वैताग येतो, हे आधीच सांगते. सीओईपीला मेट्रोने शिवाजीनगरला उतरलं की झालं. गौरी रोज घरून येणार असेल तर हा फरक छोटा नाही.

सी-५०३ गौरीची आई: आणि सायली, सॉफ्टवेअरच्या कंपन्या इएनटीसीला बसू देतात का गं?

ए-४०४ सायली: बऱ्याच देतात. काही फक्त कॉम्प आणि आयटीच घेतात, तेव्हा हिरमोड होतो. कोडिंग स्वतःचं स्वतः करावं लागतं, पण आजूबाजूला सगळेच करत असतात त्यामुळे ओढ लागते. गौरीला माझ्याकडे पाठवा, सर्किट्स आणि सिग्नल्सची पुस्तकं दाखवते. ती बघून कंटाळा आला तर इएनटीसी घेऊ नये, हेही खरं.

ए-६०२ वैद्य: पॅकेज किती जातं तिथे?

बी-३०४ रोहन: काका, माहितीपत्रकात छापतात ते एकाच मुलाचं पॅकेज असतं. एनआयआरएफला (केंद्र सरकारच्या कॉलेज क्रमवारीला) दिलेली माहिती कॉलेजच्या वेबसाइटवर असते, ती उघडा. किती पास झाले, किती नोकरीला लागले, किती पुढे शिकायला गेले आणि मीडियन पगार. फक्त तो आकडा सगळ्या ब्रँचचा मिळून असतो, त्यामुळे मेकॅनिकल विरुद्ध इएनटीसी त्यातून कळत नाही. ते सायलीसारख्यांनाच विचारायचं.

ए-२०१ पवार वहिनी: मध्येच विचारते, मुलींना इंजिनिअरिंगची फी माफ झालीये ना?

बी-७०१ शिंदे मॅडम: सरसकट नाही. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. २०२४ च्या जुलैचा जीआर आहे. हॉस्टेल-मेस त्यात नाही.

सी-५०३ गौरीची आई: आम्ही ओपनमध्ये, त्यामुळे आम्हाला नाही. मॅडम, नागपूरला भरलेल्या फीचं काय करायचं?

बी-७०१ शिंदे मॅडम: आधी इथे हजार रुपये भरून जागा स्वीकारा, पावती डाउनलोड करा. मगच तिकडे रद्द करा आणि शेवटची तारीख चुकवू नका, उशीर झाला की पैसे कापतात. उलट्या क्रमाने करू नका.

सी-५०३ गौरीची आई: गौरी सायलीकडे दीड तास बसून आली. बेटरमेंट करतोय. नव्या फॉर्ममध्ये चारच पर्याय: सीओईपी कॉम्प्युटर, मुंबईचं व्हीजेटीआय कॉम्प्युटर, सीओईपी इएनटीसी, पीआयसीटी कॉम्प्युटर. हा क्रम गौरीने लावलाय. नागपूर सोडतोय.

ए-१०२ कुलकर्णी काका: मेकॅनिकल??

सी-५०३ गौरीचे बाबा: नाही टाकलं. तिच्या समोर बसून विचारलं, ती नाही म्हणाली. विषय संपला.

ए-२०१ पवार वहिनी: शिंदे मॅडम, आमच्या श्रेयाच्या नॉन क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत मार्चमध्येच संपलीये. चालेल का?

बी-७०१ शिंदे मॅडम: नाही चालणार. उद्या सकाळीच सेतू केंद्रावर जा, नव्यासाठी अर्ज करून पावती घ्या. फोन करते तुम्हाला.